वेगळं काढलेलं ताट

झाशी, ८ जून

सिंधूवहिनी,

पाया पडते. तुझ्या घरापासून माझी खोली रिक्षाने पंचवीस मिनिटांवर, आणि मी टपालाने पत्र पाठवते आहे. पण फोन तू उचलत नाहीस. मार्चमध्ये लक्ष्मी तालाकडून तुमच्या गल्लीत दोनदा आले होते. जाळीच्या दारातून दादा दिसला. त्याने मला पाहिलं, वर्तमानपत्राची घडी घातली आणि आत गेला. कडी वाजवायला माझा हात उठला नाही.

फेब्रुवारीत तू फोन केलास तेव्हा एकच प्रश्न विचारलास. “स्वाती, तू बाहेर ओट्यावर कधी जेवलीस गं?” मी म्हणाले, “वहिनी, ते साक्ष देताना...” आणि पुढचं सुचेपर्यंत तू फोन ठेवला होतास. त्या वाक्याचा उरलेला भाग लिहायला बसले आहे.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष देतात. आपण विश्वासात कसे आलो ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. हिंदीत ‘गवाही’. माझी गवाही दीप्तीने फोनवर टिपली होती. दीप्ती तुला आठवत असेल, कॉलेजच्या लायब्ररीत माझ्या शेजारच्या टेबलाला असते, तुझ्या चकल्या मागून खायची. तिनेच मला पहिल्यांदा मंडळीत नेलं. तो व्हिडिओ तिने आमच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठे कुठे गेला, आणि शेवटी गल्लीतल्या सुभाषचंद्रजींनी औषधाच्या दुकानात चारचौघांसमोर तो दादाला दाखवला. “क्यों पंडितजी, बहन को चबूतरे पे बिठा के खिलाते थे?” असं ते म्हणाले, हे मला तुमच्या मुग्धाने इंदूरहून कळवलं. कळवून तिनेही फोन ठेवला.

वहिनी, मूळ व्हिडिओ पुष्कळ मोठा होता. पुढे पाठवताना कुणीतरी तो कापून चार मिनिटांचा केला. मागचंपुढचं गेलं की अर्थ बदलतो. तुम्हा दोघांविषयी मी आणखी बरंच बोलले होते, ते त्यात राहिलं नाही.

मनगट आता कसं आहे? गरमीत दुखणं कमी होतं म्हणायचीस. मी बरी आहे. तू दिलेला गोड्या मसाल्याचा डबा संपला, पण घासला नाही अजून.

तुझी
स्वाती


झाशी, १९ जून

सिंधूवहिनी,

मागच्या पत्रात एक खोटं आहे. पाठवलेलं पत्र मी डायरीत उतरवून ठेवते, ही माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे. काल ते वाचलं.

व्हिडिओ कुणी कापला नव्हता. तो चारच मिनिटांचा होता. तुम्हा दोघांविषयीचं चांगलं त्यात नाही, कारण ते मी बोललेच नव्हते.

यानंतर माझ्या शब्दावर तू विश्वास का ठेवावास? म्हणून आता आठवणीतून लिहीत नाही, डायरीतून उतरवते. त्या दिवशीचं त्याच दिवशी लिहिलेलं.

“४ सप्टेंबर २०२२, रविवार. आज गौरी जेवल्या. आठवडाभर मला धास्ती होती. देवीपुढे ठेवलेलं अन्न खायचं नाही असं मी ठरवलं आहे, पण ते घरात सांगायचं कसं? सकाळी वहिनीने स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाली, ‘देवापुढचं तुला चालत नाही ना? मग देवाआधीचं चालेल का?’ तिने दोन पुरणपोळ्या, अळूची भाजी, कोशिंबीर, भात असं ताट वेगळं काढलं. मग गौरींच्या दिशेने वळून स्वतःचे कान धरले. दादा दारात येऊन म्हणाला, ‘हे काय चाललंय?’ ती म्हणाली, ‘वन्संचं ताट आहे. तुम्ही मध्ये पडू नका.’ मी तिथेच, तिच्या शेजारी पाटावर बसून जेवले. ती स्वतः जेवली तेव्हा तीन वाजून गेले होते.”

एवढंच आहे. ओटा यात कुठे नाही.

दुसरं कुणी हे वाचलं तर म्हणेल, एक ताट आधी काढलं, त्यात काय मोठं. पण मी त्याच घरात वाढले आहे. नैवेद्य दाखवण्याआधी आपल्याकडे रडणाऱ्या लेकरालाही घास मिळत नाही. मुग्धाने चार वर्षांची असताना पुरणात बोट घालून चाटलं, तर तू ते पातेलं बाजूला ठेवून डाळ पुन्हा शिजत घातली होतीस. त्या तुझ्या हातांनी तू माझं ताट आधी काढलंस. पुढे दिवाळीत तू न्हाणीघरात पडलीस, मनगट मोडलं, तेव्हा प्लास्टर दाखवून मला म्हणालीस, “बघ, गौरीने कान नाही, हात धरला.” हसत म्हणालीस. पण हे तू दादालाही सांगितलं नव्हतंस, मला सांगितलंस.

आता ती साक्ष कशी वाढत गेली ते लिहिते.

पहिल्यांदा मी बोलले ते २०२३च्या जानेवारीत, वेगळी खोली घेतल्यावर. म्हणाले, “भाभी ने मेरी थाली अलग कर दी।” यात एक अक्षर खोटं नाही. मी फक्त तिथे थांबले. कुणीतरी “हे प्रभु” म्हटलं, मागे एक बाई हळहळली. मला वाटलं होतं पुढचं सांगावं. पण ती हळहळ ऐकली आणि खाली बसले.

ईस्टरला दुसऱ्या मंडळीत बोलावलं. तिथे तेच वाक्य म्हटलं तर कुणी हलेना. मी म्हणाले, “बाहर, चबूतरे पर।” ते तोंडातून कसं गेलं हे मी स्वतःला अनेकदा विचारलं. आपोआप गेलं असं लिहायला हात शिवशिवतो, पण तसं नव्हतं. वाक्य तोंडात आलं, मी ते पाहिलं, आणि जाऊ दिलं.

तिसऱ्या वेळी, दीप्तीने टिपलं तेव्हा, माझ्या साक्षीत दादाने दार बंद केलं. खरं काय झालं ते तू तिथे उभी राहून ऐकलं होतंस. तो म्हणाला होता, “जायचं तर जा. कडी मी आतून लावणार नाही.” आणि तू कुकर, मसाल्याचा डबा आणि ती जुनी सतरंजी रिक्षात ठेवलीस.

का केलं? वहिनी, मंडळीत उभे राहणारे लोक काय काय सांगतात. कुणाची दारू सुटली, कुणी मरता मरता वाचलं, कुणाला भावांनी मारलं. माझ्या साक्षीत काही घडतच नव्हतं. माझं तारण, पापातून सुटका, एका कोऱ्या पानावर झालं. एकोणिसाव्या वर्षापासून मी डायरीच्या उजव्या पानावर दिवसभराचे दोष लिहीत आले. कुणाला तोडून बोलले, कुणाचा हेवा केला, पूजेत मन कुठे गेलं. पंचवीस वर्षं. एकही पान पुरेसं वाटलं नाही. मग एक दिवस दीप्तीच्या घरी मला पहिल्यांदा खरोखर कळलं की माझे दोष दुसऱ्याने स्वतःवर घेतले आहेत, आणि मी पानं भरत राहिले तरी त्यात भर पडणार नाही. घरी येऊन उजवं पान कोरं सोडलं आणि झोपले. हे मी चाळीस माणसांसमोर काय सांगणार होते?

ते खरं होतं. आजही खरं आहे. हे मात्र तुला सांगितलंच पाहिजे, कारण माझ्या खोटेपणावरून तू माझ्या प्रभूलाही खोटं ठरवशील अशी मला भीती वाटते.

स्वाती


झाशी, १३ जुलै

सिंधूवहिनी,

तुझं उत्तर आलं नाही. मागितलंही नव्हतं. तरी रोज पोस्टमनची वाट बघते. म्हणजे मागितलंच होतं.

मागचं पत्र टपालात टाकून मला हलकं वाटलं होतं. वहिनीला कळवलं, झालं. मग प्रिया आली.

प्रिया आमच्या मंडळीतली, बावीस वर्षांची. बरुआसागरची. आई तिकडे बाजारात आलं-भाजी विकते, वडील नाहीत. ही इथे नर्सिंग शिकते. मागच्या रविवारी उपासना संपल्यावर माझा हात धरून म्हणाली, “दीदी, मैंने भी छोड़ दिया।”

“क्या छोड़ दिया?”

“घर। मम्मी पूजा की कढ़ी-पूरी ले के आईं हॉस्टल, मैंने लौटा दी। मैं बोली, अब मेरी थाली अलग ही समझो। मम्मी रोने लगीं। मैं नहीं रोई, दीदी। आपकी याद की, और नहीं रोई।” आणि शाबासकीची वाट बघत माझ्याकडे पाहत राहिली.

बरुआसागरहून इथे यायला बसने तासभर लागतो. ती बाई डबा घेऊन आली होती आणि डबा घेऊन परत गेली. जी छळ म्हणून मी सांगितली ती गोष्ट घडलीच नव्हती, आणि आता ती एका दुसऱ्या घरात खरोखर घडते आहे.

मी प्रियाला त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “मम्मी को फ़ोन कर लेना।” इतकंच. तुला पत्रात लिहिणं सोपं होतं, वहिनी. तुला खरं आधीच माहीत होतं.

खोलीवर येऊन तीन वर्षांत पहिल्यांदा डायरीचं उजवं पान उघडलं. मला एक वेगळीच गोष्ट दिसली. दोष लिहिणं मी सोडलं, ते सुटकेच्या आनंदात. पण त्याबरोबर मी स्वतःकडे बघणंही सोडून दिलं. जणू तारण झालं म्हणजे आत दिवा लावायची गरज उरली नाही. पूर्वी मी बघायची ती भीतीने. मग बघेनाशी झाले. भीती न बाळगता बघायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं म्हणणार होते, पण पास्टरजी दर महिन्याला हेच शिकवतात. नवा जन्म झालेलं मूल पाळण्यातच राहिलं तर आईबाप काळजी करतील, असं ते म्हणतात. मी मान डोलवायची. माझी साक्ष दरवर्षी वाढत होती, आणि मी पाळण्यात होते.

पूर्वीचे दोष अज्ञानातले म्हणून सोडून देता येतील. हा दोष मी विश्वासात आल्यावर केला, उभं राहून, प्रभूचं नाव घेऊन.

गुरुवारी पास्टर रघुनाथजींकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. म्हणाले, “बहनजी, भाभी से माफ़ी माँग ली, अच्छा किया। अब सभा में क्यों?”

“झूठ सभा में बोला था, पास्टरजी।”

“दिन कैसे हैं, आप जानती हैं। जो लोग हमें झूठा कहते हैं, आप उनके हाथ में काग़ज़ दे रही हैं। मेरी नहीं सोचिए, उन चार घरों की सोचिए जो डरते-डरते आते हैं।”

त्यांना मी भित्रे म्हणू शकत नाही. मागच्या वर्षी त्यांच्या दारावर लोक ओरडत होते तेव्हा ते एकटे बाहेर गेले होते. ते सांगत होते ते खरंच होईल. मी म्हटलं, मला प्रियाची आई दिसते. ते म्हणाले, “प्रिया को अकेले में बता दीजिए।” मग चष्मा लावला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “नहीं। आप ठीक कह रही हैं। अगस्त के पहले इतवार को बोलिए। मुझे डर लग रहा है, पर बोलिए।”

तीन आठवडे आहेत. तुझ्याकडून काही नको. फक्त तुला आधी माहीत असावं.

स्वाती


झाशी, ४ ऑगस्ट

सिंधूवहिनी,

काल बोलले.

एका कागदावर लिहून नेलं होतं, म्हणजे एक शब्दही जास्त जाऊ नये. दीप्तीलाच म्हटलं, तुझ्याच फोनवर टीप. ती म्हणाली, “फिर से? पहली वाली तो इतनी अच्छी थी।” तिला आदल्या दिवशी सांगायचं धैर्य मला झालं नव्हतं.

कागद वाचला. ओटा खोटा, बंद दार खोटं. मग तुझ्या ताटाची हकीकत. नैवेद्याआधी तुमच्या घरात काही काढत नाहीत, हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं. “मेरी भाभी ने मेरे विश्वास के लिए अपना नियम तोड़ा, और मैंने उसी थाली को अपना क्रूस बना के दिखाया।” हे वाक्य कागदावर होतं. ते म्हटलं आणि मी थांबले. वहिनी, मी कशासाठी थांबले ते मला लगेच कळलं. मी हळहळीची वाट बघत होते. कबुली देतानाही! कान मागच्या बाईकडे लागले होते. मग उरलेला कागद घडी घातला, “बस, इतना ही” म्हटलं आणि बसले. म्हणून दादाचं ‘कडी लावणार नाही’ हे सांगायचं राहिलं. ते शेवटी होतं. उपासना संपल्यावर पुन्हा उभी राहिले आणि तेवढं वाक्य सांगितलं. तोपर्यंत अर्धे लोक चपला शोधत होते.

कुणी हळहळलं नाही. दीप्ती माझ्याशी न बोलता निघून गेली. आज लायब्ररीत म्हणाली, “मैंने वो वीडियो अपनी सास को दिखाया था, पता है? तेरे लिए लड़ी थी मैं उनसे।” तिने दुसरा व्हिडिओ मात्र त्याच सगळ्या ग्रुपवर पाठवला. जिथे जिथे पहिला गेला तिथे. पास्टरजी म्हणाले होते तसं झालंच. दुपारपर्यंत कुणीतरी खाली लिहिलं, “देखो, खुद मान रही है।” दोन घरं यापुढे येणार नाहीत असा निरोप आला. बायकांचा बुधवारचा वर्ग माझ्याकडे होता, तो सध्या दुसरं कुणी घेईल. पास्टरजींनी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटत होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही थोडी शंका आली.

प्रिया मधेच उठून गेली होती. संध्याकाळी खोलीवर आली. दारातच उभी. “तो अब मैं क्या करूँ? मम्मी को क्या बोलूँ, कि किसी ने झूठ बोला था, इसलिए?”

मी म्हटलं, हो, तेच बोल. माझं नाव घेऊन बोल.

“आप बहुत बुरी हैं,” ती म्हणाली. मग पाणी मागितलं. पाणी पिऊन विचारलं, शेवटची बस कधी आहे. स्टँडपर्यंत गेले तिच्याबरोबर. ती खिडकीशी बसली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

तारण म्हणजे काय ते मला तीन वर्षांपूर्वी कळलं असं मी समजत होते. ज्याने मला तेव्हा माफ केलं त्याला हा ओटाही ठाऊक होता, मी तो बांधण्याच्या आधीपासून. ठाऊक असूनही तो मला सोडून गेला नाही, आणि मला त्या खोट्यात सुखाने राहूही दिलं नाही. दोन्ही एकाच हाताने केलं असावं. एवढंच आज कळतं. उद्या याहून कमी कळेल कदाचित.

तुला दुसरा व्हिडिओ मी पाठवत नाही. दादाला कुणीतरी दाखवेलच. सुभाषचंद्रजी दाखवतील असं मात्र वाटत नाही.

तुझ्याकडे माफी मागण्याचं वाक्य मी चारही पत्रांत टाळलं आहे. मोजून पाहिलं. ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तू नाही म्हणालीस तर काय, म्हणून. आता लिहिते. वहिनी, मला माफ कर.

स्वाती


झाशी, ३१ ऑगस्ट, रविवार

सिंधूवहिनी,

हे पत्र टपालात टाकलं तर गौरी गेल्यावर पोचेल. म्हणून मीच घेऊन येते.

उपासनेहून परतताना फोन वाजला. प्रियाचा असेल असं वाटलं, कारण काल तिने तिच्या आईच्या हातच्या भाजीचा फोटो पाठवला होता, खाली काहीही न लिहिता. पण तुझं नाव होतं. दोन ओळी. मी त्या रिक्षात वाचल्या, खोलीवर येऊन वाचल्या, आणि डायरीत उतरवल्या.

“उद्या गौरी जेवणार. नैवेद्य साडेबाराला. त्याआधी ये.”

आणि मग, दहा मिनिटांनी: “तुझा दादा बोलणार नाही. अळू चिरायला कुणी नाही.”

वहिनी, मी नऊ वाजता येईन. अळू चिरेन, हात खाजले तरी तक्रार करणार नाही. मसाल्याचा डबा घासून आणते. दादा वर्तमानपत्र घेऊन आत गेला तर जाऊ दे, मी हाक मारणार नाही. गौरींसमोर मी हात जोडणार नाही, हे तुला माहीत आहे, आणि तरी तू बोलावलंस.

फक्त एक सांगते. माझं ताट स्वयंपाकघरात मांड, किंवा बाहेर ओट्यावर, गल्लीला दिसेल असं. तू जिथे मांडशील तिथे बसून जेवेन.

स्वाती